पँट धड असते, पण खालचा काठच आधी का फाटतो? पावसाळ्यात पँटची मोहरी वाचवण्याचे साधे उपाय

पावसाळ्यात अजिंठा लेणी पाहायला जाणाऱ्यांना फर्दापूर चांगलेच ठाऊक असते. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे 100 किलोमीटर आणि जळगावपासून सुमारे 60 किलोमीटरवर असलेले सोयगाव तालुक्यातले हे गाव म्हणजे लेण्यांचे दारच. खाजगी गाड्या फर्दापूरच्या टी-पॉइंटवर थांबतात. तिथून पुढचे चारेक किलोमीटर एसटीच्या बसने जायचे, मग पायऱ्या चढायच्या आणि चित्रे असलेल्या लेण्यांत चपला-बूट बाहेर काढून आत शिरायचे.

दिवसभर फिरून परत येताना बसमध्ये खाली नजर टाकली, तर अनेकांच्या पँटची अवस्था सारखीच असते. गुडघ्यापर्यंत कोरडी, स्वच्छ. घोट्यापाशी मात्र वीतभर ओली, चिखलाने माखलेली आणि टाचेच्या बाजूला दोरे निघालेली. गंमत म्हणजे त्या दिवशी पाऊस पडलेलाच असतो असे नाही.

हा प्रकार फक्त पर्यटकांचा नाही. शेतात जाणारा, शाळेत जाणारा, दुकानात दिवसभर उभा असणारा, एसटीने रोज ये-जा करणारा, प्रत्येकाची पँट बहुधा एकाच जागी आधी जाते. वरचे कापड आणखी दोन वर्षे सहज टिकले असते, पण खालचा काठ फाटला म्हणून पँट बाजूला पडते. हा काठ नेमका का झिजतो आणि तो कसा वाचवायचा, ते समजून घेऊ.

एकाच जागेवर तीन संकटे

पँटच्या खालच्या घेराला शिंपी 'मोहरी' किंवा 'बॉटम' म्हणतात. कापड आत वळवून टीप मारलेला भाग म्हणजे दुमड. पँटच्या दुसऱ्या कुठल्याही भागाला एकाच वेळी इतका त्रास होत नाही, जितका या दीड-दोन इंचांच्या दुमडीला होतो.

पहिले संकट घर्षणाचे. चालताना प्रत्येक पावलाला कापड बुटाच्या मागच्या कडेवर घासते. पँट लांब असेल तर ते टाच आणि जमीन यांच्यामध्ये सापडते. माणसाचे सगळे वजन क्षणभर टाचेवर येते आणि खाली असते डांबर, सिमेंट किंवा खडी. म्हणूनच मोहरी जवळजवळ नेहमी मागच्या बाजूनेच फाटते. समोरची बाजू बुटाच्या वर असते, ती शाबूत राहते.

दुसरे संकट मातीचे. दुमड म्हणजे आतून एक छोटा खिसाच. टाके सैल झाले की त्यात बारीक वाळू आणि खडीची भुकटी जाऊन बसते. चालताना हे कण कापडाच्या दोन थरांमध्ये घासत राहतात. बाहेरून घासणारा रस्ता दिसतो, पण आतून घासणारा हा सँडपेपर दिसत नाही.

तिसरे संकट ओलीचे. दुमडीत कापडाचे दोन-तीन थर एकावर एक असतात. त्यामुळे ती पाणी जास्त धरते आणि सगळ्यात शेवटी वाळते. ओली दुमड जड होऊन खाली लोंबते, खाली लोंबली की आणखी घासते. तिन्ही संकटे एकमेकांना अशी मदत करतात.

मराठवाड्याची काळी माती इतकी का चिकटते?

अजिंठ्याचा डोंगर बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या अग्निजन्य खडकाचा आहे. हा खडक हजारो वर्षे झिजून जी माती तयार झाली, तीच कापसाची काळी माती. सोयगाव, सिल्लोड आणि पलीकडचा खानदेश या पट्ट्यात ती सगळीकडे आढळते.

या मातीत चिकणमातीचे प्रमाण भरपूर असते. तिच्यातली मॉन्टमोरिलोनाइट नावाची खनिजे पाणी शोषून फुगतात आणि वाळली की आक्रसतात. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या यामुळेच, आणि पहिल्या पावसानंतर चपलेला किलोभर चिखल लागतो तोही यामुळेच.

कपड्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. चिकणमातीचा कण दोन मायक्रॉनपेक्षाही लहान असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कापसाचा तंतू त्याच्या कितीतरी पट जाड असतो. त्यामुळे ओला चिखल कापडावर चोळला, तर हे कण विणीच्या फटींत खोलवर जाऊन बसतात आणि दोन-तीन धुण्यांतही निघत नाहीत. डाग लागला की लगेच ओल्या रुमालाने खसाखसा पुसणे ही सगळ्यांची सवय असते. काळ्या मातीच्या बाबतीत ती अगदी उलटी पडते.

पाय डबक्यात नव्हता, तरी पँट वीतभर ओली कशी?

दिव्याच्या वातीत तेल जसे वर चढते, तसेच पाणी कापडात चढते. धाग्यांमधल्या बारीक फटी नळीसारखे काम करतात. मोहरीचे टोक ओल्या फरशीला किंवा गवताला नुसते टेकले, तरी पाणी हळूहळू वर सरकत राहते.

कोणते कापड आहे यावरही बरेच अवलंबून असते. नेहमीच्या हवेत कापूस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे 8.5 टक्के ओलावा धरून ठेवतो, तर पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के. म्हणून जाड सुती जीन्स पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही आणि पॉलिएस्टर मिसळलेली पँट रात्रीत वाळते.

पण ताकदीची गोष्ट थोडी वेगळी आहे. कापूस ओला झाला की कमजोर होत नाही, उलट थोडा मजबूत होतो. ओल्यावर खरा कमजोर होतो तो रेयॉन किंवा व्हिस्कोस. हल्लीच्या अनेक पलाझो आणि सैल पँट याच कापडाच्या असतात. त्यांचा घेर मोठा, लांबी जमिनीपर्यंत आणि कापड ओले झाल्यावर अशक्त. त्यामुळे पावसाळ्यात सगळ्यात आधी काठ जातो तो पलाझोचा.

सुती कापडाला धोका वेगळा आहे, तो बुरशीचा. दमट हवेत ओली दुमड दोन-तीन दिवस तशीच राहिली, तर तिच्यावर काळे ठिपके पडतात आणि कुबट वास येतो. ही बुरशी कापसाचा तंतूच खाते. मग एक दिवस काहीही न अडकता दुमड कागदासारखी फाटते.

जुन्या लोकांचा उपाय: काठ वर ठेवा, नाहीतर त्याला चिलखत घाला

ही अडचण पँटबरोबर आलेली नाही. जमिनीपर्यंत येणाऱ्या प्रत्येक कपड्याला ती होती आणि तिची उत्तरे दोनच प्रकारची आहेत.

पहिले उत्तर म्हणजे काठ जमिनीपासून दूर ठेवणे. शेतात काम करणारी बाई नऊवारीचा काष्टा घालून लुगडे पोटरीच्या वर खोचते. धोतर नेसणारा माणूस चिखल आला की सोगा उचलून कमरेला खोचतो. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतही बहुतेक पुरुषांची वस्त्रे आखूड आहेत, घोट्याच्या बरीच वर संपणारी.

दुसरे उत्तर म्हणजे काठाला वेगळी पट्टी लावणे, म्हणजे झिजायचे असेल तर पट्टी झिजेल, कपडा वाचेल. याचे सगळ्यात ओळखीचे उदाहरण प्रत्येक घरात आहे: साडीचा फॉल. साधारण पाच इंच रुंद आणि अडीच मीटरच्या आसपास लांब असलेली ही सुती पट्टी साडीच्या खालच्या काठाला आतून लावतात. फॉलमुळे निऱ्या नीट पडतात हे खरे, पण त्याचे दुसरे काम काठ वाचवण्याचे आहे. चप्पल घासते ती फॉलला, जरीच्या काठाला नाही. फॉल झिजला की उसवून नवा लावता येतो. पैठणीचा काठ झिजला तर काय करणार?

परकराच्या खालच्या कडेला लावलेला गोट हीच युक्ती. युरोपात एकोणिसाव्या शतकात बायकांचे झगे रस्त्यावर लोळत, तेव्हा त्यांच्याही खालच्या कडेला जाड विणलेली फीत लावत आणि ती झिजली की बदलत.

पुरुषांच्या पँटला ही वेळ आली 1970 च्या दशकात, बेलबॉटमच्या फॅशनमध्ये. घेर इतका मोठा आणि लांबी इतकी खाली, की काठ रस्ता झाडत जायचा. तेव्हा अनेक शिंपी मोहरीच्या कडेला आतून पितळी चेन, म्हणजे झिपची दातेरी पट्टी, शिवून द्यायचे. धातूचे दाते जमिनीवर घासायचे आणि कापड वाचायचे. चालताना त्याचा आवाज येई, तोही फॅशनचाच भाग ठरला.

सैनिकांनी तिसरा मार्ग काढला. ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी फौजेत घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कापडाची लांब पट्टी गुंडाळत. इंग्रजीतला 'पटी' हा शब्द आपल्याच 'पट्टी'वरून गेला. पहिल्या महायुद्धात ही पट्टी युरोपच्या खंदकांपर्यंत पोचली. एनसीसीच्या मुलांचे अँकलेट आणि ट्रेकिंगला जाणारे लोक घालतात ते गेटर हे तिचेच भाऊबंद.

आणि पँटची मोहरी बाहेर दुमडण्याची पद्धत? तीही चिखलातूनच आली असे सांगितले जाते. दुसऱ्या महायुद्धात कापड वाचवण्यासाठी ब्रिटनने 1942 मध्ये पुरुषांच्या पँटवरच्या या बाहेरच्या दुमडीवर बंदी घातली होती. तेव्हा लोक मुद्दाम लांब पँट विकत घ्यायचे आणि घरी दुमडायचे.

सगळ्यात मोठा उपाय: उंची

कोणतीही पट्टी किंवा स्प्रे वापरण्याआधी पँटची लांबी बरोबर असायला हवी. नव्वद टक्के काम तिथेच होते म्हटले तरी चालेल.

* रोज जी पादत्राणे घालता, तीच घालून माप द्या. दुकानात अनवाणी उभे राहून किंवा स्पोर्ट्स शूज घालून दिलेले माप चपलेवर चुकते.
* बूट घालत असाल तर मागची कड बुटाच्या टाचेच्या तळापासून किमान एक ते दीड सेंटिमीटर वर हवी.
* चप्पल घालत असाल तर आणखी वर घ्या. बुटाला मागे भिंत असते, ती कापडाला बाहेर ठेवते. चपलेला ती नसते. त्यामुळे मोहरी पाय आणि चप्पल यांच्यामध्ये शिरते आणि प्रत्येक पावलाला चिरडली जाते.
* नवी सुती पँट असेल तर आधी एकदा धुवा, मगच लांबी कमी करा. नाहीतर आटल्यावर आखूड होईल, किंवा आटेल या भीतीने लांब ठेवलेली तशीच लोळत राहील.
* जाणकार शिंपी मोहरी किंचित तिरकी कापतात, पुढून थोडी आखूड आणि मागून थोडी लांब. दिसायला छान दिसते. पण रोज चिखलातून जायचे असेल तर सरळ कापायला सांगा, कारण मागचा तो अर्धा इंचच आधी जातो.

लेण्यांत किंवा देवळात जाताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. बूट काढले की माणूस दोन-तीन सेंटिमीटरने खाली येतो, पण पँट तेवढीच राहते. म्हणजे बुटावर बरोबर बसणारी पँट अनवाणी चालताना जमिनीला टेकते. पावसाळ्यात लेण्यांबाहेरची फरशी ओली असते, लोकांच्या पायांनी आत चिखल आलेला असतो. पाऊस नसतानाही पँट वीतभर ओली होते ती इथे. म्हणून बूट काढण्याआधी मोहरी दोन घड्या वर घ्यावी. पायऱ्यांवर लांब मोहरी स्वतःच्याच पायाखाली येऊन तोल जाण्याचा धोकाही त्यामुळे टळतो.

मोहरीला आतून पट्टी कशी लावायची?

साडीच्या फॉलची युक्ती पँटलाही तितकीच लागू पडते. चांगल्या शिवणीच्या फॉर्मल पँटला मागच्या अर्ध्या भागात आतून अशी फीत लावलेली असते. नसेल तर कोणताही शिंपी ती लावून देऊ शकतो, आणि सुई-दोरा येत असेल तर घरीही जमते.

1. पट्टी निवडा. अर्धा ते पाऊण इंच रुंदीची, घट्ट विणीची सुती किंवा पॉलिएस्टर फीत घ्या. चकचकीत साटीनची नको, ती लवकर उसवते. जुन्या बॅगेचा किंवा जीन्सचा तुकडाही चालतो.
2. पट्टी आधी भिजवून वाळवा. सुती असेल तर हे फारच गरजेचे आहे. फॉल लावण्याआधी तो पाण्यातून काढतात, त्याचेही कारण हेच. न भिजवलेली पट्टी पहिल्या धुण्यात आटते आणि मोहरीला चुण्या पडतात.
3. जागा ठरवा. पूर्ण घेराला लावायची गरज नाही. घेराचा मागचा अर्धा भाग पुरे.
4. पट्टीची खालची कड पँटच्या कडेपेक्षा अगदी किंचित, एक मिलिमीटरभर, खाली ठेवा. बाहेरून दिसत नाही, पण जमिनीला आधी टेकते ती पट्टी. सगळी युक्ती या एका मिलिमीटरमध्ये आहे.
5. वरची कड हातशिलाईने दुमडीच्या आतल्या थराला लावा, म्हणजे टाके बाहेर दिसणार नाहीत. खालची कड मशीनच्या टिपेने पक्की करा. दोन्ही टोके आत वळवायला विसरू नका.

इस्त्रीने चिकटणारी टेप बाजारात मिळते. घाईच्या वेळी ती बरी. पण रोज ओली होणाऱ्या आणि वारंवार धुतल्या जाणाऱ्या मोहरीवर ती सुटते. दुमड बसवण्यासाठी टेप आणि पक्की करण्यासाठी टाके, अशी जोडी केली तर टिकते.

जीन्सच्या मोहरीला बऱ्याचदा साखळी टाका असतो. दिसायला सुंदर, पण एका टोकाचा दोरा तुटला की सगळी शिवण ओढल्यासारखी उसवत जाते. दोरा निघालेला दिसला तर ओढू नका. कात्रीने कापा आणि त्या जागी साध्या मशीनची टीप मारून घ्या.

चिखलात उतरताना

मोहरी वर दुमडायची असेल तर शक्यतो आतल्या बाजूला दुमडा. बाहेरची घडी म्हणजे उघडा खिसा, चपलेने उडालेले सगळे खडे त्यात जमतात. आतली घडी सुटत असेल तर दोन सेफ्टी पिना किंवा कपडे वाळवायच्या चिमट्याने धरून ठेवता येते. सायकलवाले वापरतात ती घोट्याची पट्टीही चालते.

पोटरीवर मागच्या बाजूला चिखलाचे ठिपके येतात, ते बहुतेक चपलेमुळे. सैल चप्पल टाचेपासून सुटते, पुन्हा पायावर आपटते आणि तळाचा चिखल वर फेकते. मागे पट्टा असलेली सँडल घातली तर हा प्रकार जवळजवळ थांबतो.

पाणी उडवून लावणारे स्प्रे मोहरीवर मारता येतात. त्यांचा असर काही धुण्यांनंतर कमी होतो. यातल्या काही स्प्रेंमध्ये पीएफएएस गटातली रसायने असतात. ती निसर्गात वर्षानुवर्षे विघटित होत नाहीत, म्हणून अनेक कंपन्या ती सोडत आहेत. घेताना डब्यावर तेवढे पाहून घ्यावे. जाड सुती कापडावर मेण घासण्याची जुनी पद्धतही आहे, पण कापड कडक होते आणि इस्त्री केली की मेण पसरते. कामाच्या पँटला ठीक, ऑफिसच्या पँटला नको.

दुचाकीवर काठ वाचवणे म्हणजे जीव वाचवणे

लांब, सैल काठाचा धोका फक्त फाटण्याचा नाही. साडीचा पदर, ओढणी किंवा पलाझोचा घेर मागच्या चाकात अडकून जीवघेणे अपघात होतात. म्हणूनच केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 123 नुसार मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षक कवच असणे बंधनकारक आहे. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत, हा त्याचा उद्देश नियमातच लिहिलेला आहे. गाडी छान दिसावी म्हणून ही 'साडी गार्ड' जाळी काढून टाकू नये. सायकलवर उजव्या पायाची मोहरी साखळीत जाते, तिला रबर किंवा क्लिप लावावी.

धुताना आणि वाळवताना

* चिखल पूर्ण वाळू द्या. मग मऊ ब्रशने झटका. बरीचशी माती पाण्याशिवायच निघते.
* पँट उलटी करून दुमडीच्या आतली रेती काढा. शिवण उसवली असेल तिथे बोट घालून पाहा, मूठभर नसली तरी चिमूटभर वाळू नक्की निघेल.
* डागावर आतल्या बाजूने थंड पाण्याची धार सोडा, म्हणजे माती आली त्याच वाटेने बाहेर जाते. त्यानंतर साबणाच्या पाण्यात भिजत ठेवा.
* तांबड्या मातीचा किंवा मुरुमाचा डाग असेल तर ब्लीच वापरू नका. त्या लालीत लोह असते आणि क्लोरीनच्या ब्लीचने तो डाग आणखी पक्का होऊ शकतो. लिंबाचा रस उपयोगी पडतो. आधी आतल्या बाजूला लावून रंग जात नाही ना, ते पाहा.
* डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री फिरवू नका. उष्णतेने उरलेला डाग बसतो.
* दोरीवर पँट उलटी, म्हणजे मोहरी वर आणि कंबर खाली अशी, चिमट्यांनी टांगा. पाणी कमरेकडे उतरते आणि दुमड आधी वाळते. पावसाळ्यात घरात वाळवताना पंख्याचा वारा मोहरीकडे येईल असे पाहा. थोडी दमट असताना दुमडीवर आतून इस्त्री फिरवली तर बुरशीला वाव राहत नाही.

आधीच फाटली असेल तर?

नुसते दोरे निघाले असतील तर तेवढे कापून आतून पट्टी लावा. कड झिजून भोक पडले असेल, पण लांबी जास्त असेल, तर एक सेंटिमीटर कापून नवी दुमड घालता येते. लांबी तेवढीच असेल तर दुमड उसवून कापड थोडे खाली घ्या आणि कडेला उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी गोटासारखी लावा. उरेब पट्टी ताणली जाते, म्हणून गोल घेरावर चुण्या न पडता बसते. ऊनी किंवा महागड्या कापडाला रफूवाल्याकडे न्यावे.

शाळेच्या गणवेशाची गोष्ट थोडी वेगळी. मूल वाढते म्हणून आई-वडील दुमड तीन-चार इंचांची ठेवायला सांगतात आणि दर वर्षी थोडी सोडतात. युक्ती चांगलीच, पण त्यात एक मेख आहे. वर्षभर घासलेली जुनी घडी नेमकी पँटच्या दर्शनी भागात येते, पांढरट रेघ दिसते आणि पुढे तिथूनच कापड चिरते. पहिल्या दिवसापासून घडीच्या मागच्या भागात पट्टी लावून ठेवली, तर घासते ती पट्टी. पुढच्या जूनमध्ये पट्टी उसवायची, दुमड सोडायची आणि नवी पट्टी नव्या कडेला लावायची. दोन मीटर फितीच्या खर्चात तीच पँट आणखी एक शैक्षणिक वर्ष निघते.

थोडक्यात

मोहरी फाटते ती कापड हलके म्हणून नव्हे, तर ती जमिनीला टेकते, माती धरते आणि ओली राहते म्हणून. त्यामुळे लांबी पादत्राणांप्रमाणे ठेवा, मागच्या भागात बदलता येणारी पट्टी लावा, चिखल वाळल्यावरच झटका आणि दुमड पूर्ण कोरडी करूनच कपाटात ठेवा. आणि फर्दापूरहून लेण्यांकडे जाणाऱ्या बसमध्ये बसलात, की उतरण्याआधी पँट दोन घड्या वर घ्या.